नाव कोणाचे, आवाज कोणाचा : रॉक बँडची घडण आणि खानदेश

रॉक बँड म्हणजे काय हे ठरवताना वाद्यांपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे आणि ती काही अंशी सोयीचीही आहे. एक किंवा दोन विद्युत गिटार, खर्जाचा भार वाहणारी चार जाड तारांची बेस गिटार, पायाने व काठ्यांनी वाजवायचे ढोल आणि झांजा एकत्र जोडून केलेला ड्रमसेट, एखादा कीबोर्ड आणि या सर्वांवर चढणारा गायकाचा आवाज, असा हा संच असतो. परंतु याच वाद्यांतील बरीचशी चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात असतात, गणेशोत्सवाच्या मंडपात असतात आणि अमळनेर किंवा शिरपूरच्या रस्त्यावरून निघालेल्या वरातीच्या गाडीवरही असतात. त्यामुळे वाद्यांवरून रॉक बँड ओळखता येत नाही. तो ओळखावा लागतो त्याच्या आतल्या व्यवस्थेवरून. ज्यांनी वाजवायचे त्यांनीच रचायचे, ज्यांनी रचायचे त्यांनीच नावाची मालकी सांगायची, आणि त्या चार-पाच जणांत कोणीही दुसऱ्याचा पगारी नोकर नसायचा, ही त्या व्यवस्थेची मूळ अट होय. प्रत्यक्षात ती पुष्कळदा मोडली जाते, पण ती मोडली की भांडण होते, यावरूनच ती अट आहे हे सिद्ध होते.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या व्यवस्थेतून बँडचा आवाज कसा घडतो, आणि माणसे बदलली की त्या आवाजाचे काय होते, हा आहे. इथे मांडावयाचे म्हणणे असे, की बँडमधून एक माणूस गेला म्हणजे त्याची जागा नवा माणूस भरून काढतो ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. जागा रिकामी झाली की उरलेले सरकतात, आणि त्या सरकण्यातून नवा आवाज निघतो. मात्र हे घडते ते नाव वादकांच्या सामाईक मालकीचे असेल तिथे. नाव एका मालकाचे असेल तर माणसे येतात-जातात, आणि आवाज बदलतो तो निराळ्याच वाटेने. खानदेशात या दुसऱ्या वाटेचे उदाहरण इतके ठळक आहे, की त्याकडे केवळ लग्नातला गोंगाट म्हणून पाहणे संगीताच्या अभ्यासकाला परवडणारे नाही.

बँडमधील माणसांच्या विशिष्ट जुळणीला त्या जगात ‘लाइन-अप’ म्हणतात. इंग्लंडमधील ‘डीप पर्पल’ या बँडचे चाहते त्याच्या लाइन-अपना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देतात. 1968 ची मूळ जुळणी पहिली, 1969 मध्ये इयन गिलन हा गायक आणि रॉजर ग्लोव्हर हा बेसवादक आल्यावरची दुसरी, याप्रमाणे. नाव एकच राहूनही एका क्रमांकाची गाणी दुसऱ्या क्रमांकाच्या तोंडी नीट बसत नाहीत, हे श्रोत्यांच्या लक्षात आलेले असते म्हणूनच हा हिशेब ठेवला जातो. सरकण्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘बीटल्स’चे आहे. 1957 च्या 6 जुलैला लिव्हरपूलमधील एका चर्चच्या उत्सवात जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची भेट झाली, पुढच्या वर्षी जॉर्ज हॅरिसन आला, आणि अशा रीतीने तीन गिटारवादक एकाच गटात जमा झाले. बेस गिटार स्टुअर्ट सटक्लिफ या चित्रकार मित्राकडे होती. 1961 मध्ये तो जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे चित्रकलेसाठी मागे राहिला, आणि कोणालाच नको असलेले ते वाद्य मॅकार्टनीच्या गळ्यात पडले. मुळात गाण्याच्या चाली रचणारा माणूस खर्जावर बसल्यामुळे त्या बँडचा खर्ज नुसता ठेका धरून राहिला नाही, तो स्वतःच गाऊ लागला. हे कोणी ठरवून केलेले नव्हते. 1975 मध्ये ‘जेनेसिस’ या बँडमधून पीटर गॅब्रिएल हा गायक बाहेर पडल्यावर बाहेरच्या अनेक गायकांची परीक्षा घेऊन झाली आणि शेवटी ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स गाऊ लागला. त्यानंतरची त्या बँडची वाटचाल सर्वज्ञात आहे. याच्या उलट बाजूचेही दाखले आहेत. ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट 1980 च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याच वर्षी ब्रायन जॉन्सन या नव्या गायकाला घेऊन बँडने नवा अल्बम काढला, तेव्हा आवाजाचा गाभा फारसा हलला नाही, कारण तो गाभा गळ्यात नव्हता, यंग बंधूंच्या दोन गिटारींत होता. म्हणजे कोण गेला यापेक्षा गेलेल्या माणसाच्या हाती काय होते हे पाहावे लागते.

मराठी माणसाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही, कारण संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास बऱ्याच अंशी असाच आहे. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभी केलेली मंडळी त्यांच्यामागे भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर चालली. भाऊराव 1901 मध्ये गेल्यावर तिची घडी विस्कटली आणि 1905 मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आल्यावर ती पुन्हा बसली. याच बालगंधर्वांनी बालपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे प्रारंभीचे धडे घेतले होते, आणि शहरातील खुले नाट्यगृह आज त्यांचे नाव धारण करते. 1911 चे ‘मानापमान’ गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी गाजले. 1913 मध्ये व्यवस्थापनाशी बिनसल्यावर बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. कलावंतांनीच मालक व्हायचे, ही व्यवस्था वर सांगितलेल्या रॉक बँडच्या व्याख्येच्या अगदी जवळ जाते. ती फार टिकली नाही, हेही तितकेच जवळचे. टेंबे गेले, पुढे बोडसही गेले, आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली. परंतु टेंबे गेल्यामुळे चाली रचण्याची जागा मोकळी झाली, ती भास्करबुवा बखल्यांकडे आली, आणि 1916 च्या ‘स्वयंवरा’त नाट्यपद ख्यालाच्या अंगाने, रागाची बढत करीत गायले जाऊ लागले. ठुमरी-दादऱ्याच्या लडिवाळ वळणांवर वाढलेले टेंब्यांचे संगीत आणि बखल्यांचे संगीत यांतील फरक हा दोन व्यक्तींच्या तालमीतला फरक आहे हे खरे. पण मंडळीत ती जागा रिकामी झाली नसती तर मराठी रंगभूमीला तो ऐकायला मिळाला नसता.

तमाशाच्या फडाने नावाचा प्रश्न निराळ्या पद्धतीने सोडवला. तुकाराम खेडकर यांच्या फडाला ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर’ असे नाव मिळाले, आणि पुढच्या पिढीत ते ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ असे झाले. फलकावर ‘सह’ या अक्षरांनी जोडलेली ही दोन नावे म्हणजे प्रेक्षकाला दिलेली लाइन-अपची जाहीर खबरच होय. फडातील बाकीचे लोक, म्हणजे ढोलकीवाले, हार्मोनियमवाले, सोंगाडे, झिलकरी, हे मात्र मोसमाच्या आरंभी मालकाकडून ‘उचल’ घेतात, म्हणजे वर्षभराच्या कामापोटी आगाऊ रक्कम घेतात, आणि ती फिटेपर्यंत त्या फडाला बांधील राहतात. उचल फिटली की मोकळे. ही पद्धत इथे लक्षात ठेवावी लागते, कारण खानदेशातील बँडचा कारभार तिच्यावरच उभा आहे.

मुंबईत रॉक आले ते आधी इतरांची गाणी वाजवण्याच्या रूपाने. इम्पीरियल टोबॅको कंपनीच्या सिमला सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ ही स्पर्धा होत असे. तीत भाग घेणाऱ्या बँडच्या गाण्यांच्या 1970 आणि 1971 च्या तबकड्या आज संग्राहकांच्या हाती आहेत, आणि त्या ऐकल्या की बहुतेकांचा आदर्श लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्को होता हे लपत नाही. दुसऱ्याचे गाणे जसेच्या तसे वाजवणे याला ‘कव्हर’ म्हणतात, आणि कव्हर वाजवणाऱ्या बँडमध्ये माणूस बदलला तरी काही बिघडत नाही, कारण नव्या माणसाने काय वाजवायचे हे तबकडीने आधीच ठरवून ठेवलेले असते. आवाज घडण्याचा प्रश्न स्वतःचे गाणे रचायला घेतल्यावर उभा राहतो. 1984 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या बँडने तो अंगावर घेतला. 1988 मध्ये त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला, 1990 मध्ये दुसरा. आयात वाद्यांवर भरमसाट कर असलेल्या आणि बरी विद्युत गिटार मिळवण्यासाठी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाची वाट पाहावी लागणाऱ्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनाईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध जुळणी. नावांच्या या यादीत पारशी, ख्रिस्ती, गुजराती, कोकणी अशी मुंबई एका ओळीत उभी राहिलेली दिसते.

1993 मध्ये या बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे घेतले. जुन्या नावात यंत्र होते, नव्यात सिंधू नदी आली. ज्या नावावर श्रोते गोळा झाले ते चालू नाव टाकून देणे व्यवहाराला धरून नव्हते, आणि एखादा मालक असता तर त्याने ते कधीच करू दिले नसते. नाव सामाईक होते म्हणूनच ते टाकता आले. 1995 मध्ये नव्या नावाचा अल्बम निघाला, 1997 मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी यांनी त्यानंतर ‘आम्स फॉर शांती’ या नावाने भारतीय स्वरांशी अधिक सलगी करणारे काम केले. 2010 मध्ये बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी ही नवी माणसे होती, आणि 2012 च्या अल्बममध्ये गाण्यांची लांबी, ठेक्यांची गुंतागुंत आणि वाद्यांमधली मोकळी जागा ही सर्व पहिल्या दोन अल्बमच्या मानाने निराळी झालेली आढळते. खर्ज आणि ठेका हा कोणत्याही बँडचा पाया असतो. तिथली दोन्ही माणसे एकदम बदलली की वरच्या मजल्यावर बहुतेक तेच लोक राहत असूनही घर वेगळे वाटते.

खानदेशाच्या दृष्टीने अधिक मोलाचे उदाहरण दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चे आहे. गिटारवादक सुश्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती यांनी 1990 मध्ये हा बँड उभा केला, 1991 मध्ये बेसवादक राहुल राम आले, 1994 मध्ये ड्रमवादक अमित किलम. राहुल राम हे पर्यावरणातील विषारी द्रव्यांच्या अभ्यासात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतलेले संशोधक, आणि 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले कार्यकर्ते. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणारी महाराष्ट्रातील 33 गावे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, होती. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. आंदोलनाचा मणिबेली गावातील सत्याग्रह याच पट्ट्यातला. त्या खोऱ्यात नर्मदेची स्तुती गाणारे जे पारंपरिक गीत लोकांच्या तोंडी होते, ते राहुल राम यांच्याबरोबर दिल्लीच्या तालमीच्या खोलीत गेले आणि 2000 मध्ये निघालेल्या ‘कंडिसा’ या अल्बममध्ये ‘मा रेवा’ या नावाने आले. रॉक बँडमध्ये नवा माणूस काय घेऊन येतो, याचे उत्तर सामान्यतः ‘कौशल्य’ असे दिले जाते. या प्रकरणात बेसवादकाबरोबर एक नदी आली, हे त्या उत्तरात बसत नाही. त्या गाण्याची बांधणी पाहिली तर खोऱ्यातले गाणे रॉकच्या साच्यात ओतलेले नाही असे दिसते. बेस गिटार एक लहान स्वरवाक्य पुन्हा पुन्हा घेत राहते (अशा आवर्तनी स्वरवाक्याला रॉकमध्ये ‘रिफ’ म्हणतात), आणि त्या फिरत्या जमिनीवर गाणारे गळे एकत्र येऊन वर चढत जातात. समूहाने एकच ओळ घोळवत गाणे आणि रिफ घोळवत वाजवणे या दोन गोष्टी स्वभावाने एकमेकींच्या जवळ आहेत, आणि ती जवळीक ज्याने दोन्ही ठिकाणी बसून ऐकले होते त्यालाच प्रथम जाणवावी, हे स्वाभाविक होते.

याच बँडने रिकाम्या जागेचा प्रश्नही फार कठीण रूपात अनुभवला. असीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 रोजी वारले. ते बैठक मारून तबला वाजवीत आणि त्याच वेळी गात, त्यामुळे त्यांच्या गाण्यातले श्वास तबल्याच्या बोलांवर पडत आणि तबल्याचे वजन गाण्याच्या शब्दांवर. हे दोन माणसांना जमण्यासारखे नाही, कारण दोन माणसांचा श्वास एक नसतो. तरी त्यांच्या जागी शेवटी दोन जण आले, गायनासाठी हिमांशू जोशी आणि तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती. 2013 मध्ये संस्थापक सुश्मित सेनही बाहेर पडले आणि निखिल राव आले. सेन यांची गिटार तारांच्या नैसर्गिक आवाजाची होती, रावांची विद्युत गिटार अधिक लांब टिकणारा स्वर देते; त्यामुळे 2014 च्या ‘तांडानू’ या अल्बमपासून पुढे बँडचा आवाज अधिक भरीव झाला, आणि जुन्या श्रोत्यांपैकी ज्यांना दोन स्वरांमधली शांतता आवडत असे त्यांची काहीशी निराशा झाली असल्यास ती समजण्यासारखी आहे. आज संस्थापकांपैकी एकही जण त्या बँडमध्ये नाही. नाव टिकले, आणि ते टिकवण्याचा अधिकार नंतर आलेल्या दोघांकडे, राम आणि किलम यांच्याकडे, वारशाने नव्हे तर जवळजवळ दोन दशकांच्या सहवासाने आला.

आता खानदेश. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ‘बँड’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते ते लग्नाचे बँड पथक. त्याचा आरंभ इतर ठिकाणांप्रमाणेच लष्करी वळणाच्या पितळी वाद्यांचा, म्हणजे क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, मोठा आणि लहान ड्रम, खांद्यावर गोंडे असलेला पोशाख आणि पुढे चालणारा मास्तर यांचा. मास्तर म्हणजे पथकातील मुख्य वादक; चाली त्याच्या डोक्यात असतात, इतरांना तो शिकवतो, आणि कोणत्या क्षणी कोणते गाणे सोडायचे हे तो वरातीचा रंग पाहून ठरवतो. पुढे विजेवर चालणारा बेंजो आला, मग सर्वसामान्य बोलीत ‘कॅसिओ’ म्हणून ओळखला जाणारा कीबोर्ड आला, आणि पितळी वाद्ये एकेक करून मागे पडली. जपानच्या रोलँड कंपनीने 1985 च्या सुमारास बाजारात आणलेल्या ऑक्टापॅडने ही क्रांती पूर्ण केली. आठ रबरी चौकोनांच्या या वाद्यावर काठी मारली की प्रत्येक चौकोनातून हवा तो ठोका निघतो, ढोलकीचा, डफाचा, संबळाचा किंवा ड्रमचा. चार वादकांचे काम एक करू लागला. या सर्वांना जनरेटर आणि मोठे स्पीकर लागत असल्याने पथक पायी चालेनासे झाले, ते टेम्पोवर किंवा ट्रकवर चढले, आणि ‘गाडी’ हेच त्याचे नाव झाले. अमुक गावची गाडी, तमुक शेठची गाडी. लग्न ठरले की मुलाकडचे बयाणा देऊन गाडीची तारीख धरतात, आणि दाट तिथीच्या दिवसांत नावाजलेली गाडी मिळावी म्हणून मुहूर्त आधी की गाडी आधी असा प्रश्न पडल्याच्या कहाण्या सांगितल्या जातात.

या गाड्यांवर जे वाजते त्याला स्वतःचा आवाज आहे, आणि तो महाराष्ट्राच्या इतर कोणत्याही भागातल्या लग्नबँडपेक्षा निराळा आहे. त्याचा उगम पावरीत सापडतो. पावरी हे सातपुडा आणि पश्चिम खानदेशातील आदिवासींचे फुंकवाद्य. लांबट सुका भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग किंवा ताडाच्या पानांचा कर्णा अशी त्याची घडण असते, आणि गालात हवा साठवून, श्वास न तोडता ते वाजवले जाते. साक्रीच्या पट्ट्यातील डोंगऱ्या देवाच्या उत्सवात या अखंड, किंचित चिरक्या, एका जागी भिरभिरत राहणाऱ्या स्वराभोवती माणसे रात्र रात्र गोल फिरतात. गाडीवरच्या कीबोर्डवाल्यांनी हा स्वर आपल्या यंत्रात बसवला. स्वर वाकवण्याचे जे लहान चाक कीबोर्डच्या डाव्या बाजूला असते ते सतत हलवून त्यांनी पावरीची लडखड आणली, खाली ऑक्टापॅडवर ढोलाचा आदिवासी ठेका धरला, आणि या दोहोंच्या मध्ये अहिराणी गाणे, हिंदी चित्रपटगीत, आरती, जे मिळेल ते बसवले. एक स्वरवाक्य घोळवत राहण्याची रिफची जी रीत वर सांगितली, तीच इथे वरातीच्या गरजेतून सिद्ध झाली आहे, कारण नाचणाऱ्यांना गाणे संपलेले नको असते. या वादनाला रॉक म्हणण्याची आवश्यकता नाही. परंतु विजेचा मोठा आवाज, घोळवलेले स्वरवाक्य, शरीराला धरणारा ठेका आणि तरुणांचा जमाव ही रॉकची चारही लक्षणे इथे हजर आहेत, आणि ती इंग्लंडकडे न पाहता आलेली आहेत.

गाडीच्या कारभाराकडे पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. गाडी, स्पीकर, जनरेटर, नाव आणि सुपाऱ्या मालकाच्या. वादक मोसमापुरते, उचल घेऊन आलेले. आषाढी एकादशीला चातुर्मास लागून लग्ने थांबली की वादक शेतीकडे किंवा अन्य मजुरीकडे वळतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर मोसम उघडण्यापूर्वी कोण कोणाकडे जाणार याचे व्यवहार ठरतात. चांगल्या कॅसिओवाल्याला दुसरा मालक अधिक उचल देतो, आणि तो जातो. रॉक बँडमध्ये अशा जाण्याने उरलेले सरकले असते. गाडीवर कोणी सरकत नाही, त्या खुर्चीवर दुसरा कॅसिओवाला येऊन बसतो, आणि मालकाचे नाव पूर्वीसारखेच चालते. मात्र गेलेला वादक नव्या गाडीवर आपल्या जुन्या सवयी, आपली वळणे, आपण बसवलेली पावरी घेऊन जातो. म्हणून एका गाडीवर निघालेली नवी जागा पुढच्या मोसमात चोपड्यापासून नवापूरपर्यंत ऐकू येते. रॉक बँडचा आवाज त्या बँडपुरता असतो, आणि गाडीचा आवाज साऱ्या मुलखाचा असतो. तिथे एक गाडी दुसरीपासून ओळखू येते ती स्पीकरच्या ताकदीवरून, दिव्यांवरून आणि मास्तरावरून. मुलखाचा आवाज इतक्या थोड्या काळात इतका एकजिनसी झाला, याचे श्रेय कोणाही प्रतिभावंताला देता येत नाही. ते मालकांच्या चढाओढीला आणि उचलीच्या पद्धतीला द्यावे लागते, आणि ज्या पद्धतीने वादकाला कर्जात ठेवले तिच्याच पोटी ही संगीताची देवघेव झाली, हे नाकारून चालणार नाही.

मग जळगावात वा धुळ्यात रॉक बँडची परंपरा का रुजली नाही, असा प्रश्न उरतो. त्याची कारणे संगीतात शोधण्यात अर्थ नाही. बँड घडायला दोन-तीन वर्षे तीच माणसे एकाच खोलीत, आठवड्यातून दोन-तीनदा, शेजाऱ्यांचा ओरडा सोसत वाजवीत बसावी लागतात. खानदेशातील मुलगा गिटार हाती धरू लागतो त्या सुमारास त्याची बारावी येते आणि मग तो पुण्या-मुंबईला जातो. जो इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात राहतो त्याच्या बँडचे आयुष्य अभ्यासक्रमाच्या चार वर्षांएवढे. 1990 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात पाश्चात्त्य गायनालाही स्थान असते, त्यामुळे काही मुले दरवर्षी एकत्र येतात. स्पर्धा झाली की पांगतात. वाजवायला जागा नाही, हे दुसरे कारण, आणि ते मुंबईलाही चुकलेले नाही. धोबीतलावजवळच्या रंगभवनात, जिथे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाने बँडच्या दोन पिढ्या ऐकवल्या, तिथला आवाज परिसरातील रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्राच्या नियमात सापडून बंद झाला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली, आणि त्याच नियमाने खानदेशातील रात्रीच्या वरातींना सायंकाळकडे ढकलले. रॉक आणि वरात यांना एकाच कलमाखाली आणणारा हा एकमेव ग्रंथ असावा.

गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेत एक भर पडली आहे. अण्णा सुरवाडे यांनी गायिलेल्या ‘बबल्या इकस केसावर फुगे’सारख्या अहिराणी गाण्यांच्या चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या, गाडीवरचा आवाज स्टुडिओत शिरला आणि तिथून नीटनेटका होऊन पुन्हा गाडीवर आला. त्याबरोबर वरातीत कोणीतरी मोबाइलवर टिपलेल्या वादनाच्या चित्रफितीही फिरू लागल्या, आणि कॅसिओवाल्याची वळणे एका गाडीवरून दुसरीवर जायला आता पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागत नाही. अशा चित्रफितीत नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 मध्ये झालेल्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आपल्या सादरीकरणाच्या ध्वनिमुद्रणावर हक्क दिला आहे. तो रचनाकाराच्या हक्काहून वेगळा आहे आणि वादक नोकरीवर असो वा उचलीवर, त्याला तो लागू होऊ शकतो. ‘कंडिसा’वर ‘मा रेवा’ हे गाणे कोणी वाजवले हे वेष्टनावर छापलेले असते, आणि गाणे खोऱ्यातले आहे हेही. गाडीच्या चित्रफितीवर मोठ्या अक्षरांत गाडीचे नाव असते, गावाचे नाव असते, सुपारीसाठी मालकाचा फोन क्रमांक असतो. मास्तराचे नाव कधी असते, कधी नसते, आणि पावरीचा स्वर चाकावर वाकवणाऱ्याचे नाव त्यात क्वचितच सापडते.